जड प्लेट

शर्टाचं तिसरं बटण लागत नव्हतं.

बटण दिसत होतं, काज दिसत होतं, बोटंही दिसत होती. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी पडली होती. बटण बोटांत आहे की निसटलं, हे त्याला बघूनच कळायचं. शेवटी त्याने त्या बटणाचा नाद सोडला आणि वरून स्वेटर चढवला.

"उकडत नाही का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"शेडमध्ये गार असतं सकाळी."

"महिनाभर गारच आहे तुमची शेड."

तो हसला आणि चपला घालून बाहेर पडला. आजची वेळ मारून नेली होती.

शेडमध्ये त्याला सगळे आरसा म्हणत. काम गाड्यांना पॉलिश करायचं. काळ्या गाडीवरून त्याचं मशीन फिरलं की तिच्या दारात बघून खुशाल दाढी करावी. बावीस वर्षं तो हेच करत होता. शेड मेव्हण्याची होती, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. गिऱ्हाईक आलं की मेव्हणा त्याला आधी आरशाची बोटं दाखवायचा. आरसा डोळे मिटून गाडीवरून बोटं फिरवायचा आणि दार कुठे नव्याने रंगवलंय ते सांगायचा. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. मेव्हणा म्हणायचा, "मशीन कोणीही विकत घेईल हो. ही बोटं कुठून आणणार?"

गेलं दीड वर्ष त्याची बोटं काहीच सांगत नव्हती. आता तो डोळे अर्धवट उघडे ठेवायचा आणि रंगातला फरक तिरप्या उजेडात बघून घ्यायचा. अजून पकडला गेला नव्हता. कोणी "आरसा" अशी हाक मारली की मात्र तो उजवा हात खिशात घालायचा.

त्या दिवशी तीन नवी मशीनं आली होती. सोबत आलेल्या प्लेटा अगदीच फुसक्या होत्या. प्लेट म्हणजे मशीन आणि स्पंजाचं पॅड यांच्या मधली गोल चकती. एका बाजूने मशीनला आट्यांनी बसते, दुसऱ्या बाजूला वेल्क्रो, त्यावर पॅड चिकटतं. गाडीच्या मालकाला ती कधी दिसत नाही. पण प्लेट कडक असली तर कोपऱ्यावरचा रंग जळतो, फार मऊ असली तर पॅड नुसतं डुलतं. पॅडच्या बाहेर तिची कड आली तर संपलंच, गाडीवर ओरखडा. कोणती प्लेट घ्यायची हे दाबून, वाकवून ठरवायचं असतं. आणि दाबून बघायला आरशाइतका भरवशाचा माणूस नव्हता.

"निघायचं ना, भावोजी?" मेव्हणा किल्ली फिरवत म्हणाला. "दुकान उघडलं असेल."

तेवढ्यात लंबूने मशीन बंद केलं. लंबू शेडमधला दुसरा कारागीर, तिशीतला, ताडमाड. तो उजवा हात झटकत होता.

"काय झालं?" आरशाने विचारलं.

"मुंग्या येतात हो, काका. काल जेवताना चमचा दोनदा पडला. पोरगी हसली, म्हणाली, बाबा लहान बाळ झाले."

आरशाने त्याच्या मशीनकडे पाहिलं. खाली जड प्लेट होती. जाड, लोखंडी पोटाची. त्याने स्वतःच शोधून काढलेली. सहा वर्षं त्याने तीच वापरली होती आणि गेल्या वर्षी मोठ्या कौतुकाने लंबूला दिली होती. जड प्लेट भराभर कापते, ओरखडे दोन फेऱ्यांत जातात. मशीन जरा जास्त थरथरतं, एवढंच. एवढंच, असं त्यानेच लंबूला सांगितलं होतं.

त्याचीही सुरुवात मुंग्यांनीच झाली होती. मग चमचा. मग बटण.

"झटकत जा," तो म्हणाला. "जातात."

आणि तो मेव्हण्याच्या गाडीत जाऊन बसला.

दुकान अरुंद होतं. भिंतभर खोकी, मधे काउंटर, आणि एका टेबलावर मशीन चालवून बघायला रंगवलेला पत्रा ठोकलेला. काउंटरमागच्या बाईंनी प्लेटा मांडायला सुरुवात केली. पाच इंची, सहा इंची, भोकांच्या, बिनभोकांच्या, रबरी कडेच्या.

"पॅड साडेपाचाचं आहे ना तुमचं? मग पाचाचीच घ्या, कडेला सगळीकडून पाव इंच राहायला हवं. आता मऊ की मध्यम, ते तुम्ही बघा."

"आमचे भावोजी बघतील," मेव्हणा म्हणाला. "तुम्ही फक्त गंमत बघा, बाई."

आरशाने एक प्लेट उचलली आणि अंगठ्याने दाबली. मनगटाला जोर लागल्याचं कळलं, बोटांना काही नाही. त्याने दुसरी उचलली. दोघं त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने डोळे मिटले, जुन्या सवयीने, आणि मग उघडायची हिंमत झाली नाही.

"ही जरा मऊ आहे," तो म्हणाला. "डावी."

त्याने डोळे उघडले. बाई गोंधळल्या होत्या.

"काका, दोन्ही एकाच खोक्यातल्या आहेत. एकीचं लेबल निघालंय, म्हणून वेगळी दिसते."

आरशाने दोन्ही प्लेटा खाली ठेवल्या. मेव्हणा मात्र खो खो हसला.

"फिरकी घेतली तुमची. भावोजी असेच आहेत, चेहऱ्यावरची रेष हलणार नाही. माझ्या लग्नात मला चप्पल शोधायला लावली होती, आणि ती ह्यांच्याच पायात."

बाईही हसल्या. आरसा हसला. स्वेटरच्या आत पाठीवरून घाम निथळत होता.

"बरं, मस्करी पुरे," मेव्हणा म्हणाला. "मला विचाराल तर आपली जड प्लेट काय वाईट आहे? तुम्ही सहा वर्षं वापरलीत, लंबू वापरतोय. काम निम्म्या वेळात होतं. बाई, जड प्लेटा आहेत? तीन द्या."

बाईंनी खालच्या खणातून तीन काढल्या. काउंटरवर ठेवताना ठण ठण ठण असा आवाज झाला.

आता गप्प राहिलं की झालं. निवड मेव्हण्याने केली होती. दाबून बघायचा प्रश्न मिटला होता. बाई पिशवी शोधत होत्या. आरशाला लंबूचा चमचा आठवला, आणि त्या हसणाऱ्या पोरीचा चेहरा, जो त्याने कधी पाहिलाही नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "एक पेलाभर पाणी मिळेल?"

"प्यायला?"

"नाही. काठोकाठ भरून द्या."

पेला त्याने पत्र्याच्या टेबलावर एका कडेला ठेवला. दुकानातलं मशीन घेऊन त्यावर हलकी, रबरी कडेची प्लेट बसवायला गेला. आटे बसले की तिरपे गेले, कळेना. प्लेट दोनदा हातातून सुटली. मेव्हण्याचं हसू हळूहळू कमी झालं. तिसऱ्या खेपेला बाईंनीच प्लेट फिरवून दिली.

त्याने मशीन पत्र्यावर टेकवून चालू केलं. पेल्यात बारीक वलयं उठली. पाणी जागच्या जागी राहिलं.

मग जड प्लेट. पाणी आधी शहारलं, मग उसळलं आणि टेबलावर सांडलं. पेला सरकत सरकत कडेला आला. बाईंनी तो धरला.

"आता गाडीवर पेला ठेवून कोण काम करतं, भावोजी?" मेव्हणा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"हे मशीन हलक्या प्लेटच्या हिशोबाने बनवलंय. जड बसवली की तोल जातो. सगळी थरथर हातात येते." आरशाने मशीन बंद केलं. "सहा वर्षं माझ्या हातात आली."

"म्हणजे?"

त्याने उजवा हात काउंटरवर उताणा ठेवला. पांढरी बोटं ट्यूबलाइटखाली मेणबत्तीसारखी दिसत होती.

"मघाच्या दोन प्लेटा," तो म्हणाला, "मी फिरकी नव्हती घेतली. मला कळलंच नाही."

मेव्हण्याने त्या हाताकडे पाहिलं. मग त्याने जड प्लेटा एकेक करून बाईंकडे सरकवल्या.

"हलक्या चार द्या. एक लंबूला."

परतीच्या वाटेवर सिग्नलला थांबल्यावर मेव्हणा म्हणाला, "ताईला माहीत आहे?"

"नाही."

त्याने गाडी शेडऐवजी घराकडे वळवली. दारात थांबवून म्हणाला, "तिला सांगा. उद्या मशीनला हात लावायचा नाही. पुढचं पुढे बघू." आणि थोडं थांबून, खाली बघत, "मी किती लोकांना दाखवायचो हो तुमची बोटं."

बायको तांदूळ निवडायला बसली होती. भर दुपारी नवऱ्याला दारात बघून तिचा हात थांबला. त्याने स्वेटर काढला. तिसरं बटण उघडं होतं. ती त्या बटणाकडे बघत होती आणि तो सांगत होता. सांगायला फार वेळ लागला नाही. दीड वर्ष लपवलेली गोष्ट चार वाक्यांत संपली.

ती उठली, हात धुतले, केसातली पिन काढली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"डोळे मिटा."

त्याने हात पुढे केला.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"इथे?"

करंगळीला काहीतरी लागलं. "हो," तो म्हणाला. जीव भांड्यात पडला.

"इथे?"

"थोडंसं."

"आणि इथे?"

"हो."

त्याने डोळे उघडले. पिन टेबलावर होती. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"शेवटच्या दोन वेळा मी टोचलंच नव्हतं," ती म्हणाली.

बाहेर कोणाची तरी गाडी मागे घेताना पिं पिं वाजत होती.

"दवाखाना नऊला उघडतो उद्या," ती म्हणाली. "मी येते बरोबर. तिथे असं हो हो करायचं नाही." तिने पिन पुन्हा उचलली. "मिटा डोळे. आणि खरं सांगा."

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने अंगठ्याच्या टोकाला काहीतरी बारीक टोचल्यासारखं वाटलं.

"इथे?" तिने विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला.