फळा कुणी पुसायचा

"तू स्वच्छतामंत्री," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरात अनुभव आहेच."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, आपण कौतुकच केलं. माझा बाप महापालिकेत झाडूवाला होता आणि त्याच्या वाट्याला नारायण पेठेतला, नेमका आमच्या शाळेसमोरचा रस्ता आला होता. मुलींना ते ठाऊक होतं. काही जणी त्याला बघून नाकाला रुमाल लावायच्या आणि तोच रुमाल लावून वर्गात माझ्या शेजारून जायच्या.

बाईंच्या मागे फळा होता. फळ्यावर नावं, नावांपुढे मतांच्या रेघा. चार उभ्या, वर एक तिरपी, अशा जुड्या. वसुधाच्या जुड्या फळ्याच्या मध्यावर थांबल्या होत्या. माझ्या पार कडेपर्यंत गेल्या होत्या.

मी जिंकले होते. वर्गाची मुख्यमंत्री मी होते.

हसणाऱ्या मुलींनीच मला मतं दिली होती, याचं मला नवल वाटलं नाही. चिठ्ठीत तोंड दिसत नाही. वसुधा बाईंकडे चुगल्या करायची. मी कधी कुणाचं नाव सांगितलं नव्हतं. मुली काय, एवढं ओळखतातच.

ही निवडणूक का झाली, ते आधी सांगते. आणीबाणी नुकतीच उठली होती. आम्हाला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंचे यजमान त्या काळात येरवड्याच्या तुरुंगात होते. भाषण केलं म्हणून धरून नेलं होतं. आमची वस्ती त्या तुरुंगाच्या भिंतीलगतच. बाई भेटीला यायच्या, कधीकधी भेट नाकारली जायची, मग उन्हात उभ्या राहायच्या. एकदा मी त्यांना बघितलं आणि हात धरून घरी आणलं. आईनं घासलेल्या तांब्यातून पाणी दिलं. बाईंनी पेला हातात घेतला. बराच वेळ धरला. मग तसाच भरलेला खाली ठेवला.

"उपास आहे हो आज," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर आई पेल्याकडे बघत राहिली. "पाण्याचा बी उपास असतोय व्हय?" एवढंच म्हणाली आणि पाणी तुळशीला न घालता गटारात ओतलं.

तरी मला बाईंची दया यायची. खोटं कशाला सांगू, त्या मला आवडायच्या. निवडणुका झाल्या, सरकार पडलं, यजमान सुटून आले तेव्हा बाईंनी वर्गात पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा वरून टाकला, पण टाकला. त्या दिवशी त्या धडा सोडून बोलल्या.

"मुलींनो, लोकशाही एका दिवसात मरत नाही. आधी माणसं गप्प बसतात. मग शिस्तीच्या नावाखाली एकेक गोष्ट काढून घेतात. आपण म्हणतो, जाऊ दे, आपल्याला काय."

मी ते शब्द वहीत नाही, डोक्यात लिहून घेतले. मग त्यांनी ग्रीसची गोष्ट सांगितली. तिथल्या नगरात म्हणे सगळे लोक चौकात जमायचे, हात वर करायचे आणि कारभार ठरवायचे. जगातली पहिली लोकशाही. पुढे तीही गेली.

मी विचारलं, "बाई, तिथं गुलाम होते ना? मागच्याच धड्यात होतं. त्यांचा हात मोजायचे?"

"त्यांना मत नव्हतं."

"मग ती कुणाची लोकशाही?"

"उगाच फाटे फोडू नकोस. खाली बस."

माझ्या शेजारी शमीम बसायची, कसब्यातली, तिचे अब्बा पुस्तकं बांधायचे. मी बसल्यावर तिनं बाकाखालून माझा हात दाबला.

जूनमध्ये नवीन वर्ग सुरू झाला. बाई म्हणाल्या, आपणही लोकशाही आणू. दरवर्षी मंत्रिमंडळ बाईच नेमायच्या. यंदा गुप्त मतदान. डबा आला, चिठ्ठ्या आल्या. शमीम एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं नाव वाचत होती, बाई रेघा ओढत होत्या. माझं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं तसा बाईंचा खडू हळू चालू लागला. शेवटची रेघ त्यांनी इतकी बारीक काढली की मागच्या बाकावरून दिसेना.

मग त्या वळल्या. "छान. सगळ्यांना अनुभव मिळाला. आता आपण सर्वानुमते वसुधाला मुख्यमंत्री करू. तिला बोलण्याची सवय आहे, पाहुण्यांसमोर उभं राहावं लागतं. टाळ्या."

टाळ्या वाजल्या. जिनं मला मत दिलं तिनंही वाजवल्या. सर्वानुमते. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आत सगळे असतात असा तो शब्द. मी त्यात नव्हते.

त्यानंतर ते स्वच्छतामंत्रिपद आणि तो घरातला अनुभव.

मी बसूनच राहिले असते. खरंच. अपमान गिळायची आमच्या घराला सवय होती, बाप तर रोज गिळायचा. पण बाईंनी डस्टर पुढे केलं.

"चला स्वच्छतामंत्री, कामाला सुरुवात. फळा पूस."

मी उठले. फळ्यापर्यंत गेले. डस्टर हातात घेतलं. समोर माझी मतं. जवळून बघितलं तर प्रत्येक रेघ वेगळी होती. एक जाड, एक वाकडी, एक तुटलेली. प्रत्येक रेघ म्हणजे एक मुलगी. तिनं कुणाला न सांगता माझं नाव लिहिलं होतं. आणि ती माझ्याच हातानं पुसायची होती.

हात उचलेना. भीतीनं नाही. संतापानं.

मी डस्टर टेबलावर ठेवलं.

"मी पुसणार नाही."

"काय म्हणालीस?"

"ही मतं आहेत. मी पुसणार नाही."

बाईंचा चेहरा लाल झाला. "ही शिस्त नाही," त्या म्हणाल्या. तोच शब्द. ज्या शब्दानं त्यांच्या नवऱ्याला तुरुंगात घातलं, तो शब्द त्यांच्या तोंडून इतक्या सहज आला की त्यांना कळलंही नाही. मला कळलं. अजून कळतंय.

फळा त्यांनीच पुसला. खडूची पूड त्यांच्या पदरावर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या बापाला फाटकाशी गाठलं. झाडू हातात होता त्याच्या. मी शेजारी उभी.

"अहो, मुलीला जरा वळण लावा. वर्गासमोर माफी मागू दे. नाहीतर दाखला घेऊन जा. इथं यायला पुष्कळ मुली रांगेत आहेत."

तोंडात अहो. पुण्यात अपमानसुद्धा आदरार्थी करतात.

बापानं झाडू भिंतीला टेकवला आणि हात जोडले. "चुकली असंल बाई. लेकरू हाय."

मला वाटलं, जमीन फाटावी. बाईंचं मला एवढं लागलं नव्हतं. बापाचे जोडलेले हात लागले. मी बापाकडे वळून ओरडले, "दादा, मी चुकले नाही!" त्यानं माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे. मग हात सोडले. सावकाश, एखादी गाठ सोडावी तसे. झाडू उचलला आणि उरलेला रस्ता झाडायला लागला.

मी वर्गात गेले. बाई दारात वाट बघत होत्या. "माग."

"नाही."

दाखला मिळाला. येरवड्यातल्या महापालिकेच्या शाळेत गेले. तिथं बाकं नव्हती, इंग्रजीला शिक्षक नव्हते. त्या पेठेतल्या मुली पुढे कॉलेजात गेल्या, मी दहावीनंतर शिवणकामाला लागले. किंमत मोजली. बापानं तो रस्ता निवृत्त होईपर्यंत झाडला, रोज त्याच फाटकासमोरून. घरी त्यानं त्या सकाळचा विषय कधी काढला नाही. फक्त त्यानंतर मी त्याला कुणापुढे हात जोडताना बघितलं नाही. शाळेतलं मतदान पुढच्या वर्षी बंद झालं. शमीमनं सांगितलं. बाई म्हणाल्या म्हणे, मुलींना अजून समज नाही.

आता मी म्हातारी झाले. लोकशाही आली, गेली, परत आली असं मोठी माणसं सांगतात, तारखा सांगतात. मी ती एका दुपारी, एका फळ्यावर उगवताना बघितली आणि तास संपायच्या आत पुसलेली बघितली. तुरुंगात घालणारेच ती मारतात असं नाही. तुरुंगातून सुटलेलेही मारतात, पेढे वाटून झाल्यावर.

वस्तीच्या जागी आता इमारत आहे आमची. कमिटी निवडायची आहे. पूर्वी अंगणात हात वर करून निवडायचो, भांडणं व्हायची, पण निवडायचो. काल बिल्डरचा माणूस आला, सोबत आमच्यातलेच चौघे. हातात हार.

"मावशी, नावं ठरलीत. बिनविरोध. उद्याच्या सभेला या आणि टाळी वाजवा, बस्स. नंतर जेवण आहे."

सर्वानुमतेचा धाकटा भाऊ हा. बिनविरोध.

"मी उभी राहणार आहे," मी म्हटलं.

"कशाला मावशी? हराल. एकटं पडाल."

हरेन. माहीत आहे मला. कदाचित माझं एकटीचंच मत पडेल मला. पण फळा आणावा लागेल, मोजावं लागेल, माझ्या नावापुढे एक रेघ ओढावी लागेल. मग ती रेघ पुसायची असेल तर ज्यानं त्यानं आपल्या हातानं पुसावी आणि पूड आपल्या अंगावर घ्यावी.

डस्टर माझ्या हातात द्यायला येऊ नये.