मुक्या म्हशींच्या इंदूमावशी

इंदूमावशी बोलता बोलता मध्येच हात वर करून समोरच्याला गप्प करायच्या आणि मान कलती करून कशाचा तरी कानोसा घ्यायच्या. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या, तेव्हा खुर्चीवर टेकल्या टेकल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना असंच गप्प केलं होतं.

आम्ही मोबाईलवरचा एक खेळ बनवतो. त्यात गोठा उभारायचा, म्हशी पाळायच्या आणि जोड्या लावून नवनव्या जाती काढायच्या. कुणाचं रेडकू पांढऱ्या कपाळाचं निघतं, कुणाचं आखूड शिंगांचं. नवा जनुकीय बदल सुचवायचा असेल, तर लोक ॲपमधूनच लिहून पाठवतात. मावशी मात्र मुरगूडहून एसटीनं थेट दारात आल्या.

"पावणं, तुमच्या म्हशी लई वरडत्यात," त्या म्हणाल्या. "एक मुकी जात काढा की."

"मुकी म्हैस कोण पाळणार, मावशी?"

"मी पाळीन. आमच्या गोठ्यात हुती तसली. आईत लपून ऱ्हायचं आन् लेकीत निघायचं. हंबरायला तोंड उघडायची, पर आवाज न्हाई."

ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून जाईना. पुढच्या अपडेटमध्ये आम्ही ती जात खेळात घातली. लोकांना आवडली. मावशींनी तर हळूहळू सगळा गोठाच मुक्या म्हशींनी भरला.

त्या अधूनमधून फोन करू लागल्या, तेव्हा त्यांची मुलगी सुनीता मला कळली. लग्नाच्या वयात तापानं गेलेली. परड्यातून, घरामागच्या मोकळ्या जागेतून, तिनं हाक मारली की म्हशी माना वर करायच्या. ती गेल्यावरही करायच्या. "बाकीच्या वरडायच्या म्हनून मला कायबी ऐकू यायचं न्हाई," मावशी म्हणाल्या. पुढे दिरानं म्हशी विकल्या आणि गोठा रिकामा पडला.

एकदा लग्नासाठी मुरगूडला गेलो, तेव्हा दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. रिकामा गोठा लख्ख झाडलेला. गव्हाणीत मोबाईल उभा करून मावशी समोर पाटावर बसलेल्या. पडद्यावर त्यांच्या म्हशी रवंथ करत होत्या, सगळं निःशब्द.

आमच्या खेळात हाक मारायचं एक बटण आहे. ते दाबलं तरच म्हशी कान टवकारून वर बघतात. तो भाग मीच लिहिलेला. मावशींचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि माझ्यादेखत सगळ्या म्हशींनी एकदम माना वर केल्या, डावीकडे वळवल्या. खऱ्या गोठ्यात डावीकडे परड्याचं दार होतं. उघडं. तिथं कोणी नव्हतं.

"बटण अडकलंय बहुतेक," मी म्हणालो.

"व्हय?" मावशी हसल्या. "तुला ऐकू आलं न्हाई. मलाबी न्हाई. पर त्यास्नी आलं की."

ऑफिसात परतल्यावर मी त्या भागाचा सगळा कोड ओळ न् ओळ तपासला. चूक सापडली नाही.

नंतर एका सकाळी त्यांचा फोन आला. "आता ती म्हशींस्नी बोलवत न्हाई. मला बोलावती. 'आये, चल की' म्हनती."

"मावशी, तो मोबाईल बंद करा आधी. दिरांकडे जाऊन बसा."

"का रं? लेकीनं हाक मारल्यावर कोण दार लावून घेतं?" त्या अगदी शांत होत्या. मग म्हणाल्या, "एक काम कर. दुसऱ्यांच्या गोठ्यातनं ती मुकी जात काढून टाक. समद्यांचीच गेलेली मानसं मायेची नसत्यात. माझी तेवढी ऱ्हाऊ दे."

मी त्याच दिवशी ती काढली. लोक चिडले, मला शिव्या घातल्या. पण सगळ्यांच्या गोठ्यात म्हशी पुन्हा हंबरू लागल्या, एका गोठ्यातल्या सोडून.

त्याच आठवड्यात दिराचा फोन आला. मावशी गोठ्यातच वारल्या होत्या. "परड्याच्या दारात बसल्याली हुती," तो म्हणाला. "पायात चपला घालून. कुठंतरी निघाल्यागत."

मागल्या उन्हाळ्यात माझी आई गेली. मावशींचा खेळातला गोठा आमच्याकडे अजून तसाच आहे, आणि तो उघडायला मला कुणाला विचारावं लागत नाही. कामाला बसलो की गोठ्यांच्या यादीत मावशींचं नाव समोर येतं. आईचा आवाज आता मला नीट आठवेनासा झालाय. तरी अजून मी तो गोठा उघडलेला नाही.