अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मल

माझ्या आत्याच्या तावडीतून आजवर एकही माणूस, जनावर किंवा यंत्र ताप न तपासता सुटलेलं नाही. बेळगावातल्या एका दवाखान्यात तिनं उभी हयात सिस्टर म्हणून काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं हेड सिस्टर म्हणून. निवृत्तीच्या दिवशी साडी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ती घरी आली, तेव्हा दवाखाना मागं राहिला, पण तिच्यातली सिस्टर काही निवृत्त झाली नाही. तुम्ही तिच्या दारात उभे राहिलात की ती आधी ‘ये’ म्हणत नाही; आधी उजव्या हाताची पालथी बोटं तुमच्या गळ्याशी टेकवते आणि मग आत घ्यायचं की नाही ते ठरवते. दूधवाला, टपालवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांचे गळे तिच्या बोटांखालून गेले आहेत. उमेदवाराला तिनं ‘अंगात कणकण हाय तुझ्या, भाषणं कमी कर’ असं सांगितलं होतं. निपाणीला आमच्या नात्यातल्या एका लग्नात तर कहरच झाला. मंगलाष्टका चाललेल्या, अंतरपाट धरलेला, आणि आत्या अक्षता टाकता टाकता पुढं सरकली ती थेट नवरदेवाच्या गळ्याला हात लावून मोकळी झाली. ‘एकशे एक हाय,’ ती भटजींना म्हणाली, ‘आवरा लवकर.’ वरमाय फणकारली. पण आत्याच्या पर्समध्ये थर्मामीटर असतोच. तो लावला, तर बरोबर एकशे एक! त्या घरात पुढं कुठलंही कार्य निघालं की पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी आत्याला जाते.

‘जमणार नाही’ हे शब्द तिला ऐकूच येत नाहीत. समजूत मराठीत घालायची, दम कन्नडमध्ये भरायचा आणि डॉक्टरांशी भांडायचं इंग्रजीत, अशी तिनं भाषांची वाटणी करून ठेवली आहे, आणि तिन्ही भाषांत तिचा आवाज एकाच पट्टीत लागतो. मिक्सर तापला की ती त्याला ‘बेडरेस्ट’ देते. पंखा कुरकुरला की ‘सांधे धरलेत त्याचे’ म्हणून तेल सोडते. दुरुस्त होऊन आलेल्या टीव्हीला ‘डिस्चार्ज मिळाला’ म्हणते. आम्ही हसतो, पण त्या घरात बंद पडलेली वस्तू मी तरी पाहिलेली नाही. बंद पडायची त्यांची छातीच होत नसावी.

तिचं काही चाललं नाही ते एकाच ठिकाणी. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. एका सकाळी दात घासता घासता या मामांची डावी बाजू गेली. जीव वाचला, पण बोलणं अर्ध्यावर आलं आणि चालणं खुर्चीपर्यंत. मामांचं गाव कणकुंबीच्या पलीकडं, जंगलात. मोजकी घरं आणि एक ओढा. जांबोटीवरून जाणारा तो रस्ता धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी करतो, त्यामुळं डॉक्टरांनी मामांना तिकडं न्यायला साफ मनाई केली. मामा मात्र रोज सकाळी चहा झाला की विचारायचे, ‘गावाकडं जाऊन येऊ या?’ आणि आत्या रोज ठणकावून सांगायची, ‘जायचं की!’ पेशंटला ‘बघू’ म्हणायचं नसतं, असं तिचं ठाम मत. एवढं बोलून ती स्वयंपाकघरात यायची आणि उगाचच भांडी आपटायची. आयुष्यात पहिल्यांदाच एका पेशंटला दिलेला शब्द तिला पाळता येत नव्हता, आणि तो पेशंट म्हणजे घरचाच माणूस.

त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्याचा भलामोठा डेस्कटॉप घरीच राहिला. त्यात विमान चालवायचा एक खेळ होता. हा खेळ म्हणजे पोरखेळ नव्हे. उपग्रहाच्या नकाशावरून अख्खी पृथ्वी उभी केलेली, कुठूनही उडा आणि कुठंही जा. आत्यानं एकदा गंमत म्हणून तो लावला, सांबऱ्याच्या विमानतळावरून विमान उडालं, खाली बेळगाव दिसलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रस्त्यानं न्यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हवेतून न्यायचं नाही, असं कुठं म्हणाले होते? झालं! सत्तरीला टेकलेली ही बाई विमान शिकली. मामांना उशा लावून खुर्चीत बसवलं. मामांनी इस्त्रीचा सदरा आणि टोपी मागून घेतली; गावाला जाताना माणूस तसा जाईल का? जांबोटीपर्यंत विमान ऐटीत गेलं. पुढं दाट जंगल लागलं, इतकी झाडं पडद्यावर उभी करता करता कॉम्प्युटरला धाप लागली आणि विमान हवेतच लटकून राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मामा नुसती टोपी काढून मांडीवर ठेवायचे, आणि आत्याला ते बघवायचं नाही.

‘ताकद कमी पडतीया त्याची,’ आत्यानं निदान केलं आणि कुठल्याशा पोराचे कन्नड व्हिडिओ बघून उपचारही शोधून काढला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. त्यानं किती वेगानं ठोके टाकायचे ते कंपनीनं ठरवून दिलेलं असतं. ते ठोके आपण हातानं वाढवायचे, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. ‘नाडी वाढवायची, बस,’ आत्यानं मला फोनवर समजावून दिलं. ‘नाडी वाढली की ताप वाढतो, एवढं ध्यानात ठिवायचं. ते आता मला कोण शिकवणार रं?’ व्हिडिओतला पोरगाही शेवटी बजावत होता की तापमानावर नजर ठेवा. हा सल्ला आजवर इतक्या आनंदानं कुणी पाळला नसेल. आत्यानं पडद्याच्या कोपऱ्यात तापाचा आकडा कायमचा लावून घेतला. आणि एवढं करूनही विमान अडायचंच. उलट आता ते जांबोटीच्या अलीकडंच अडायला लागलं. शेवटी तिनं मला बोलावून घेतलं.

मी गेलो तर एप्रिलातली भर दुपार, खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, आणि टेबलाखालचा कॉम्प्युटर मामांची लोकरीची शाल पांघरून बसलेला. कानटोपी तेवढी घालायची राहिली होती.

‘आत्या, हे काय?’

‘थंड पडतंय रं ते. सुरू केलं की बेचाळीस दाखवतंय. बेचाळीसला कोण जगंल काय? शाल घातली, पंखा बंद केला, तवा कुठं अठ्ठ्याण्णववर आलं. अठ्ठ्याण्णव म्हंजे नॉर्मल. ताप न्हाय, काय न्हाय, मग उडायला काय धाड भरलीया त्याला?’

मी वाकून पाहिलं. आकडा अठ्ठ्याण्णवच होता. त्याच्या पुढचं बारीक अक्षर तेवढं आत्याच्या चष्म्यातून सुटलं होतं.

‘आत्या, हा फॅरनहाइटचा ताप नव्हे. सेल्सिअस आहे हे. शंभराला पाणी उकळतं.’

आत्यानं झडप घालून शाल ओढली. ‘आगं आई गं! शिजवलं की मी त्याला!’

चूक कळली की आत्याला लाज वाटत नाही; काम मिळाल्याचा आनंद होतो. तिनं खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. ‘सांग. ह्येचं नॉर्मल किती?’ मी सांगितलं. रिकामा बसला असेल तर पस्तीस ते पंचेचाळीस. जोरात काम करत असेल तर सत्तर-ऐंशीपर्यंत घाबरायचं कारण नाही. पंच्याऐंशीच्या वर गेला की लक्ष ठेवायचं, आणि नव्वदीत फार वेळ राहू द्यायचं नाही. नेमकी मर्यादा प्रत्येक प्रोसेसरची वेगळी असते, ती कंपनीच्या माहितीत बघून घ्यायची. शंभराच्या आसपास पोचला की तो जीव वाचवायला आपणहून ठोके कमी करतो, आणि त्यानंही भागलं नाही तर बंद पडतो. म्हणजे आत्या इकडून नाडी वाढवत होती आणि तो बिचारा तिकडून गुपचूप कमी करत होता. ‘म्हंजे पेशंट शाणा आणि सिस्टर येडी!’ आत्या म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग उपचार सुरू झाले. कॅबिनेटची बाजू उघडून आत्यानं आतल्या पंख्यांवरची धूळ ब्रशनं, टाके काढताना सिस्टरचा हात चालावा तशी काढली. प्रोसेसरवर बसवायचा मोठा कूलर आणायला आम्ही खडेबाजारात गेलो. दुकानदारानं अदबीनं विचारलं, ‘गेम खेळायला कुणाला पायजे, आक्का?’ आत्या म्हणाली, ‘मलाच. माझं विमान जांबोटीच्या म्होरं जाईना झालंय.’ त्या भल्या माणसानं दुकानातला सगळ्यात मोठा कूलर काढून पुढं ठेवला. घरी आल्यावर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची पेस्ट मी हातात घेतली. मटाराच्या दाण्याएवढीच लावायची असते, असं म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. ‘मलम लावायला मला शिकवू नगंस.’ खरी वादावादी झाली ती पुढं. वाढवलेले ठोके बरेच कमी करावे लागतील, असं मी म्हटलं आणि आत्याला ते काही केल्या पटेना. ‘अरं, लौकर न्यायचंय त्यास्नी,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच पट्टी सोडून हलला. मी म्हटलं, ‘आत्या, दमानं गेलीस तरच पोचशील.’ तिनं मान हलवली आणि ठोके स्वतःच्या हातानं कमी केले. मग तासभर कॉम्प्युटरला जड काम देऊन ‘अंडर ऑब्झर्व्हेशन’ ठेवलं. आकडा अठ्ठ्याहत्तरवर येऊन थांबला, तो हलला नाही.

‘चला ओ,’ आत्यानं आतल्या खोलीत हाक मारली. ‘निघायचं.’

जांबोटी मागं पडलं. जंगल आलं आणि झाडं भराभरा मागं जाऊ लागली. मामा पुढं झुकले होते. ‘वढ्याच्या कडंनं घे,’ ते म्हणाले. त्या रोजच्या प्रश्नाशिवाय एवढं सलग वाक्य त्यांच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. आणि गाव आलं. तो खेळ काही प्रत्येक घर ओळखत नाही; नकाशावर छप्पर दिसलं की मनानंच एखादं घर उभं करतो. मामांच्या घराच्या जागी त्यानं कुठल्यातरी थंड मुलखातलं, धुराडं असलेलं दुमजली घर ठेवून दिलं होतं. मामांनी डोळे बारीक करून विचारलं, ‘कुणी बांधलं गं हे?’ मग स्वतःच म्हणाले, ‘आसू दे. वढा हाय तिथंच हाय.’ ओढा खरा होता, त्याचं वळण खरं होतं, मागचा डोंगरही खरा होता. म्हशी कुठं बसायच्या आणि पोहायला कुठून उडी मारायची, ते मामा बोटानं दाखवत होते, आणि आत्याचा चेहरा असा काही फुलला होता की मी मामांचं सोडून तिच्याकडंच बघत राहिलो.

‘आता उतर की,’ मामा म्हणाले.

त्या जंगलात विमान कुठं उतरवणार? जन्मभर साऱ्यांना ‘जायचं की’, ‘हुतंय की’ म्हणत आलेल्या माझ्या आत्याचे ओठ नुसतेच हलले. ‘उतराय जागा न्हाय ओ,’ ती अगदी हळू म्हणाली.

मामांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना कळलं असावं, कदाचित आधीपासूनच कळत असावं. ‘बरं. मग जरा खाली तरी घे,’ ते म्हणाले.

मला रडू आलं, म्हणून मी खिडकीकडं तोंड केलं. आत्यानं विमान खाली घेतलं, झाडांच्या शेंड्यांना लागेल इतकं खाली, आणि टाकीत तेल होतं तोवर ती त्या मोजक्या घरांभोवती फिरत राहिली.