दर तासाची ऊब

आमच्या ह्यांना साधी गोष्ट साधेपणाने करता येत नाही. इतकी वर्षं संसार केल्यावर हे मी अनुभवाने म्हणते. रागानेही म्हणते.

माणूस वाईट नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत दिनानाथसाहेब म्हटलं की अजून चार लोक हात जोडतील. तिथल्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळणारे अधिकारी म्हणून ते रिटायर झाले. वाफ वाया गेली की त्यांच्या जिवाला लागायचं. कारखान्यात ते ठीक होतं हो, पण घरी चहावर झाकण ठेवायला उशीर झाला तरी तेच तोंड. मी फ्रिज उघडून उभी राहिले की मागून आवाज आलाच, "आधी ठरव, मग उघड."

यंदा डिसेंबरात आमची एकुलती एक लेक राजसी बाळंत झाली, तीही दिवस भरायच्या आधीच. बाळ जेमतेम दोन किलोचं, सुरुवातीला काचेच्या पेटीत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. मी डिंक-अळीव आणून ठेवले होते, पाळणा धुऊन पुसून लावला होता. पण डॉक्टरांनी बजावलं, बाळाची खोली उबदार हवी आणि कोळशाची शेगडी अजिबात नको, धूर चालणार नाही. राजसीच्या सासूबाई, मालिनीताई, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहतात. त्यांचा फोन आला, "कुमुदिनीताई, बदलापूरला थंडी फार हो. तुमची खोली गरम राहत असेल तर रविवारी दवाखान्यातून सरळ तुमच्याकडेच आणू. नाहीतर आमच्याकडे राहील."

म्हणजे काम केवढं? दुकानात जायचं, हीटर आणायचा, बटण दाबायचं.

हे कॅम्प पाचमध्येच भूपेशभाईंच्या दुकानात गेले. कारखान्याची खरेदी तिथून व्हायची, म्हणून जुनी ओळख. ते म्हणाले, "अंकल, घर लेके जाओ, ट्राय करो. पसंद नहीं आया तो शनिवार तक वापस." झालं! असं ह्यांना कोणी म्हणायला नको होतं. एक ब्लोअर आणि एक तेलाचा हीटर घेऊन हे रिक्षातून उतरले. शेजारच्या पद्मजाकडचा लाल नळीचा हॅलोजनही उचलून आणला. मग बाळंतिणीच्या खोलीची प्रयोगशाळा झाली. खिडकीच्या फटीत जुन्या चादरी, भिंतीवर थर्मामीटर, मध्ये खुर्ची, खुर्चीत हे. दर थोड्या वेळाने बाहेर येऊन मीटर बघायचा आणि पुन्हा आत. मी चहा घेऊन गेले की, "दार लाव! ऊब जाते!" कपडे घ्यायला गेले तरी, "दार लाव!" माझ्याच घरात मी चोरासारखी आत-बाहेर करत होते.

"अहो, ब्लोअर चांगला आहे की. लगेच गरम होतंय."

"तासाला दोन युनिट खातो. दिवसभर चालवला तर बिलाचा दर वरच्या टप्प्यात जाईल."

"मग तेलाचा ठेवा."

"तो मध्ये मध्ये बंद होतो म्हणून स्वस्त वाटतो. हिशेब तोच. एक युनिट घाला, एका युनिटची ऊब घ्या. तुझा हॅलोजन तर फक्त समोरच्याला भाजतो."

"माझा कुठला? पद्मजाचा!"

शुक्रवारी निकाल लागला. गरम-थंड दोन्ही करणारा एसी चालवायला सगळ्यात स्वस्त. तो म्हणे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतो, एका युनिटात तिप्पट काम. हे इतके खूश होते की मलाही बरं वाटलं. एसीचे पैसे भरले, बसवणारा शनिवारी येतो म्हणाला. आणि शनिवारी दुपारी, मी भाजी आणायला गेलेली असताना, ह्या माणसाने ब्लोअर आणि तेलाचा हीटर दुकानात परत केले. मुदत होती ना! हॅलोजनही पद्मजाला पोचता केला, आणि ती गावाला निघून गेली.

एसीवाला शनिवारी आला नाही. फोन उचलेना. रविवारी सकाळी आमच्या बदलापूरच्या कात्रप भागात लोक कानटोप्या घालून दूध आणायला चालले होते. मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे गीझरच्या गरम पाण्याच्या बादल्या भरून खोलीत ठेवत होते. दुकानं उघडायच्या आत खाली गाडी थांबली.

जावई समीरने सामान वर आणलं. मालिनीताईंनी चप्पल काढली, पाय फरशीवर टेकला आणि लगेच उचलला. आत जाऊन भिंतीला हात लावला. बादल्या बघितल्या. एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. "आम्हीच नेतो हो. आता बाळाला सारखं इकडून तिकडे नको. सव्वा महिना झाला की आणू."

राजसी सोफ्यावर टेकलीसुद्धा नाही. "आई, लाडू दे डब्यात," एवढंच म्हणाली. जिना उतरताना दुपट्यातून बाळाचं कपाळ तेवढं मला दिसलं.

एसी मंगळवारी बसला. उत्तम चालतो. मी ह्यांच्याशी बोलत नव्हते, त्यामुळे दर तासाला किती पडतं ते ऐकावं लागलं नाही. पण दोन दिवसांनी लक्षात आलं, खोलीतून घरघर सतत येतेय. दार उघडून बघते तर हे खुर्चीत बसलेले, समोर रिकामा पाळणा, आणि खोलीत मस्त ऊब.

माझा संताप उसळला. "आता कोणासाठी जाळताय? तेव्हा ब्लोअरचे दोन युनिट जड झाले! बाहेर मीटर किती पळतोय, बघितलंत?"

"नाही बघितला," हे म्हणाले. "राजसीने हट्ट धरला, मालिनीताईंचं मन बदललं, काही सांगता येतं का? ऐनवेळी आले तर खोली गार नको."

बंद करायला मी रिमोट उचलला होता. बघितलं तर ह्यांनी पाळण्यातली दुपटी उलटीपालटी करून ठेवली होती, दोन्ही बाजूंनी गरम व्हावीत म्हणून. रिमोट होता तिथे ठेवला आणि बाहेर येऊन दार घट्ट लावून घेतलं.