मामाची कवळी

माझा मामा सोफ्यांचं काम करायचा. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचा, जिभेने एकेक फिरवून डोकं पुढे करून ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाला चिकटवून घ्यायचा आणि ठोकायचा. हातोडी मामाचा मुका घेते, असं मामी म्हणायची, आणि तोंडात खिळे असतानाच मामा हसायचा. आम्हा बघणाऱ्यांचा जीव टांगणीला.

त्या दुकानात नवा माणूस खिळे वाटीतून घ्यायचा. तोंडातून ठोकायला लागला की मग त्याला कारागीर म्हणायचे. पुढे मालकाने पिना मारायच्या बंदुका आणल्या आणि त्या चालवायला कोणीही चालायचं, पण नक्षीच्या जुन्या खुर्च्यांचं लाकूड बंदुकीने फुटायचं. त्या खुर्च्या मामाकडे यायच्या. तेवढ्यावर त्याची जागा टिकून होती, हे मालकाला ठाऊक होतं आणि मामालाही.

मामाच्या वरच्या दाढांत तरुणपणी भरलेली चांदी होती. एकदा जेवताना काहीतरी कडक लागलं म्हणून त्याने काढून पाहिलं, तर चांदीचा काळा पडलेला तुकडा आणि सोबत दाढेची कडही. मग गार पाणी प्यायलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. दवाखान्यात मीच घेऊन गेले, कारण मामा एकटा गेला की डॉक्टर काय म्हणाले याचं उत्तर एकच असायचं, काही नाही म्हणाले.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. आरसा धरून त्यांनी मामाला त्याचंच तोंड दाखवलं. जुनी चांदी सगळ्याच दाढांत सैल झाली होती, कडांखाली कीड शिरली होती. पुन्हा चांदी भरणं सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ, पण ती त्या स्वतः आता भरत नव्हत्या, मोठ्या सरकारी दवाखान्यात नंबर लावावा लागला असता. दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं तर दिसायला छान, दाढेला घट्ट धरून राहतं, खर्च मध्यम, पण काही वर्षांनी पुन्हा बघावं लागणार. ज्या दोन दाढांची कड गेली होती, त्यांत सिमेंट तगणार नव्हतं, त्यांवर कॅप बसवायची, आणि कॅप महाग. दाढा काढून टाकायचा मार्ग त्यांनी सगळ्यात शेवटी आणि नाखुशीने सांगितला. मग त्यांना पुढच्या दातांवरच्या खाचा दिसल्या. तोंडात खिळे वगैरे धरता का, असं त्यांनी विचारलं. मामा बिनदिक्कत नाही म्हणाला. मी छताकडे बघत राहिले.

"किती वर्षं टिकेल?" मामाने विचारलं.

"तोंड कसं वापराल त्यावर आहे."

इथेच बिनसलं. जिन्यात मामा म्हणाला, मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर तो मला दारात उभं करेल का? त्याने तिथेच हिशोब मांडला. सिमेंटची एक दाढ म्हणजे दोन खुर्च्यांची मजुरी आणि एक कॅप म्हणजे अख्खा तीन माणसांचा सोफा. पैशांचं अडलं होतं असं मुळीच नाही. मामीने बाजूला ठेवलेले होते, मीही देणार होते. अडलं होतं मामाचं डोकं. सांगाडा कुजला की कापड बदलून भागत नाही, सगळं उकलून टाकायचं आणि नवं घालायचं, हे त्याने जन्मभर केलं होतं. माणसाच्या जबड्याला वेगळा न्याय का लावायचा, हे काही केल्या त्याला पटेना. अरे, तुझा सांगाडा शाबूत आहे, कापडच विरलंय, असं त्याच्याच भाषेत सांगून मी दातांच्या कण्या केल्या. तो मान हलवत राहिला. मामाने मान हलवली की समजायचं, ऐकलं नाही.

दुकानाजवळ कोणीतरी दात काढून कवळी बसवून देत होता. मामाने त्याच्याकडून वरचे सगळे दात काढून घेतले. पुढचे धडधाकट दातसुद्धा. अर्ध्या कवळीत आणि पूर्ण कवळीत पैशांचा फारसा फरक पडत नव्हता म्हणे, आणि पुन्हा पुन्हा कटकट नको. मामी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी मात्र बोलले, आणि नको ते सगळं बोलले.

हिरड्या भरल्यावर कवळी बसली, दिसायला झकास. पण तिने टाळू झाकून टाकला. चहा किती गरम आहे हे मामाला घशाखाली गेल्यावर कळायचं. तोंडात खिळा कुठे आहे हे जिभेला समजेना, हात रेंगाळायला लागला. एके सकाळी मालकाने खिळ्यांची वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली. मामाने ती पायाने बाजूला सारली आणि तोंड भरून खिळे घेतले.

त्यानंतर खोकला लागला. कापसाची धूळ, असं सगळ्यांचं मत पडलं. औषधाच्या बाटल्या झाल्या, गोळ्या झाल्या, वाफ झाली. मामा वाळत चालला, पण कामाला जातच होता. शेवटी खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढणाऱ्याला वाटलं सदऱ्याला काहीतरी टोचलेलं आहे, म्हणून सदरा काढायला लावून त्याने पुन्हा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात खिळा होता, डोकं खाली, टोक वर.

मी मामाच्या खाटेपाशी बसले.

"तुला माहीत होतं?"

"ठोकताना ठसका लागून एक खिळा आत गेला तेव्हाच. वाटलं पोटात गेला, जाईल निघून. खोकला लागल्यावर समजलं."

"मग बोलायचंस ना रे."

त्याने श्वास गोळा केला. "तोंडातून ठोकणारा आता मी एकटाच उरलोय गं तिथे," तो म्हणाला.

मला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याला धरून रडावंसंही वाटलं. मी पाण्याचा पेला पुढे केला.

खिळा निघाला, पण आतला पू रक्तात गेला होता. मामा उठला नाही.

घरी आणल्यावर चेहरा अगदी बसलेला दिसत होता. कवळी घाला, म्हणजे नीट दिसतील, असं मामीचा भाऊ म्हणाला. मी ती दवाखान्यातून आणलेल्या पिशवीतून काढलीही.

"नको," मामी म्हणाली. "असेच जाऊ देत."

मामाचे ओठ मिटत नव्हते. मामीने ते दोन बोटांनी मिटवले. बोटं काढली की पुन्हा उघडायचे. तिने परत मिटवले. शेवटी ती तशीच बोटं धरून बसून राहिली, त्याला उचलायला माणसं येईपर्यंत.