सुभेदारांच्या कॅफेतली उभी माणसं

"मॅडम, तुमच्या खुर्च्या येऊन बघा. एक मानूस बसंना."

एवढंच बोलून सुभेदारांनी फोन ठेवला. मी सांगलीची इंटिरिअर डिझायनर. दुकानं, दवाखाने आणि हल्ली कॅफेही करते. कोरेगावातलं सुभेदारांचं कॅफे मीच केलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हजर झाले.

आत नऊ-दहा माणसं होती. सगळ्यांच्या हातात कॉफी, आणि सगळी उभी. मी निवडून आणलेल्या सोळा खुर्च्या रिकाम्या. कॉफी संपली की "येतो सायेब" म्हणून माणसं बाहेर पडत आणि समोरच्या पानटपरीच्या कट्ट्यावर बसून तासभर गप्पा मारत. हसावं की चिडावं, मला कळेना.

सुभेदार फौजेतून रिटायर होऊन गावी आलेले. पाठ ताठ, मिशी ताठ, शर्टाची इस्त्रीसुद्धा ताठ.

"कॉफी आवडत नाही का लोकांना?" मी विचारलं.

"आवडती की. रोज येत्यात. बसत तेवढं न्हाईत."

"मग बिघडलं कुठे? विक्री तर होतेय."

"नुसतं विकायचं असतं तर गाडा लावला असता मॅडम. अठ्ठावीस वर्षं भाईर काढली. गावाला मी म्हंजे सुट्टीवर आल्याला फौजी. चार मानसं हितं बसावीत, त्यांच्यात मला बसता यावं, म्हनून ह्यो खटाटोप. दिवाळीपातूर बघतो. न्हाई जमलं तर शिरवळला कंपनीत सिक्युरिटीचं काम तयार हाय."

मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, माझीही अब्रू पणाला लागली होती.

आमच्या धंद्यात 'ड्वेल टाइम' म्हणतात. म्हणजे गिऱ्हाईक किती वेळ रमतं. खुर्ची कडक असली, लाइट डोळ्यांवर आला, की माणूस लवकर उठतो. मी पुस्तकातले सगळे उपाय केले. पिवळे, मंद लाइट लावले. खुर्च्यांवर उशा टाकल्या. रस्त्यावरून जाणारा-येणारा दिसावा म्हणून टेबलं फिरवली. आठवड्याने सुभेदारांचा फोन आला.

"उशा लय आवडल्या लोकांस्नी. हुबं ऱ्हाऊन बघत्यात."

मग जे सगळ्यात आधी करायला हवं होतं, ते मी केलं. एक अख्खा दिवस कोपऱ्यात बसून नुसतं बघितलं.

दुपारपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. आत आलेला माणूस आधी खुर्चीकडे बघतो, मग काउंटरकडे बघतो, आणि उभा राहतो. प्रत्येक जण. काउंटरवर असं आहे तरी काय? कॉफीचं मशिन, मेनूचा बोर्ड, आणि सुभेदार. मी बोर्ड तीनदा वाचला.

इतक्यात दूध संपलं. सुभेदार आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, काउंटरवर बसवून मोटरसायकलवरून दूध आणायला गेले. काकूंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. पाचच मिनिटांत आप्पा नावाचे एक ऊसवाले शेतकरी आले. त्यांनी कॉफी घेतली आणि चक्क खुर्चीत बसले, पायसुद्धा लांब केले. मागोमाग आणखी तिघं बसले. मी श्वास रोखून बघत होते. बाहेर मोटरसायकल वाजली आणि चौघंही ताडकन उठले.

मी आप्पांना गाठलं. "आप्पा, बसला होतात ना? उठलात का?"

"आवं ताई, सायेब हुबं, आन आमी बसायचं व्हय? माझा पोरगा त्यांच्याच पलटणीत हाय." मग कप दाखवत म्हणाले, "आन पलटणीचं ऱ्हाऊ द्या. घरचा मानूस हुबा असला तर पावना बसतोय व्हय कुटं? मालक हुबा म्हंजे, निघा आता."

काखेत कळसा नि गावाला वळसा! इतके दिवस मी खुर्च्यांकडेच बघत होते.

सुभेदारांना हे सांगितलं. "ड्युटीवर बसायचं? अठ्ठावीस वर्षांत बसलो न्हाई मी."

"ही ड्युटी बसायचीच आहे, साहेब."

काउंटर काकूंकडे दिलं आणि मधल्या टेबलाशी सुभेदारांची खुर्ची ठेवली. पहिला दिवस भयंकर गेला. दार उघडलं की सवयीने सुभेदार उठत, आणि त्यांच्याबरोबर अख्खं टेबल उठे. तिसऱ्या वेळी आप्पांच्या धोतरावर कॉफी सांडली.

दिवाळीनंतर साताऱ्याला जाताना मी मुद्दाम वाट वाकडी केली. कॅफे भरलेलं. ऊसतोड, पोराची भरती, कुणाचं तरी ठरत आलेलं लग्न, सगळं एकदम चाललेलं. सुभेदार मधोमध, पाठ अजून ताठ, पण मांडीवर मांडी. मला एकही खुर्ची रिकामी नव्हती. मला बघून ते उठायला लागले, तशी आठ माणसं कप सावरत अर्धी उठली.

आप्पांनी सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. "बस की गड्या. आमाला किती डाव उठिवशील?"

साहेबाचा गड्या झाला होता. सुभेदार बसले. मी माझी कॉफी उभ्यानेच प्यायले आणि मला ती फार आवडली.

तेव्हापासून कॅफेचा प्लॅन काढताना मी आधी मालकाची खुर्ची काढते. गिऱ्हाइकांच्या खुर्च्या मग आपोआप भरतात.