कुडूपाशी काढलेले बूट

अमेरिकेत, बॉथेलच्या घरात गराज आवरताना जुने बूट हाती लागले. आत अजून नामिबियाची तांबडी माती होती. तिचा वास आला आणि मी थेट २००६ मध्ये पोचलो.

ऑफिसातल्या मित्रासोबत माझी ती पहिलीच शिकारीची सफारी. जनावर नुसतं जखमी होऊन पळालं तर, हीच धास्ती होती. पण कुडू, पिळदार शिंगांचं ते मोठं हरीण, माझ्या एका गोळीत कोसळलं. आमचा वाटाड्या योहानेस याने हिरवी डहाळी तोडून त्याच्या तोंडात ठेवली. "शेवटचा घास," तो हळूच म्हणाला.

देवापुढे काढतो तसे मी नकळत बूट काढले. दोन पावलांत तळव्यात हा लांब काटा! मित्र खो खो हसला. योहानेसने मात्र डोक्यावरची टोपी काढली, मग खाली बसून माझा काटा काढला. तेव्हा लाज वाटली होती. आज वाटतं, त्या सफारीत तेवढंच मी नीट केलं.

लेकीला ही गोष्ट पाठ आहे. ती आता प्राण्यांची डॉक्टर, पुढच्या महिन्यात कामासाठी नामिबियाला निघाली आहे.

"बाबा, एनी ॲडव्हाइस?"

"काटे फार आहेत," मी म्हटलं. "तरी बूट काढावेसे वाटले, तर काढ."